ह्यू शिमिनचं 'साळिंदर': दानधर्मावरची टीका नेमकी कशावर होती?

बखरीतला

अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात 'एकोणिसाव्या शतकातलं शहर आणि त्याची वर्तमानपत्रं' असा विषय आहे. माझ्या वाट्याला लिव्हरपूलचा ह्यू शिमिन (१८१९–१८७९) आणि त्याचं 'पॉर्क्युपाइन', म्हणजे साळिंदर, हे साप्ताहिक आलं आहे. वेळ चाळीस मिनिटं.

अडचण अशी की त्याच्याबद्दल जे वाचायला मिळतं ते दोन टोकांचं आहे. एका ठिकाणी तो दांभिक शेठजींचा कर्दनकाळ, दुसऱ्या ठिकाणी गरिबांना दारूवरून झोडपणारा उपदेशक. तो दानाच्याच विरोधात होता की दान करण्याच्या पद्धतीच्या? वर्गणीदारांच्या याद्या, शिफारसपत्रं, फॅन्सी फेअर हे शब्द सारखे येतात, पण व्यवहारात ते कसं चालायचं हे कुणी नीट सांगत नाही. ते कळल्याशिवाय विनोदही कळत नाही. आणि गावातल्या सगळ्या बड्या लोकांना टोचूनही असं पत्र चाललं कसं? आपल्याकडे कुणी याच्याशी तुलना करण्यासारखं आहे का, हेही सांगा.

'हिपोक्रसीवर आसूड' छापाची उत्तरं नकोत. तपशील हवेत.

---

जुनी शाई

माणसापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या धंद्याचा त्याच्या नजरेशी संबंध आहे. शिमिन मुळात बुकबाइंडर, उमेदवारी करून वर आलेला. विद्यापीठ नाही, घराणं नाही. १८५६ मध्ये 'लिव्हरपूल मर्क्युरी'त त्याने गावातल्या करमणुकींवर लेखमाला लिहिली. गुत्ते, गाण्याबजावण्याच्या खोल्या, जनावरांच्या झुंजी, लिव्हरपूलजवळच्या ऐंट्री मैदानावरच्या घोडशर्यती. तो स्वतः जाऊन, बसून, पाहून लिहायचा. १८६० मध्ये 'पॉर्क्युपाइन' सुरू केलं आणि मरेपर्यंत तोच संपादक राहिला. १८६४ मध्ये लिव्हरपूलच्या गल्लीबोळांतल्या वस्त्यांवरचं त्याचं लेखन वेगळं पुस्तकरूपात आलं. त्यातले निवडक लेख वॉल्टन आणि विल्कॉक्स यांनी १९९१ मध्ये संपादित करून काढले आहेत. चाळीस मिनिटांसाठी तेवढं पुरे, अख्ख्या फायली चाळायची गरज नाही.

१८६० हेच साल का, हेही सांगा. त्याआधी एका पेनीचं टोचरं साप्ताहिक हिशेबातच बसत नव्हतं. १८५५ पर्यंत बातम्या छापणाऱ्या पत्राच्या प्रत्येक प्रतीवर एक पेनीचा स्टँप होता, म्हणजे विक्रीची सगळी किंमत सरकारच्या खिशात. जाहिरातींवरचा कर १८५३ मध्ये गेला होता. कागदावर रत्तलामागे दीड पेनी कर होता, तो १८६१ च्या ऑक्टोबरपासून उठला. यातले दोन दगड १८६० पर्यंत बाजूला झाले होते, तिसरा लगेच पुढच्या वर्षी हटला, तेव्हा कुठे गावोगावी असली पत्रं उगवली. शिमिनचं धैर्य मान्य, पण ते छापून विकता येणं ही कर उठल्याची करामत.

आता टीका कशावर. लिव्हरपूलमध्ये त्या काळी दान ही समाजात वर चढायची शिडी होती. कापसात, जहाजांत पैसा केलेला माणूस गावात नवा. त्याला खानदान नाही. मग इन्फर्मरीच्या, म्हणजे धर्मादाय इस्पितळाच्या, वर्गणीदारांत नाव, आंधळ्यांच्या शाळेच्या कमिटीवर खुर्ची, वार्षिक जेवणात भाषण, दुसऱ्या दिवशी पेपरात वृत्तांत. शिमिनचा रोख या साखळीवर होता. त्याचं म्हणणं असं की दान हा या लोकांचा फावल्या वेळचा शौक झाला आहे आणि त्यात गरीब माणूस फक्त निमित्त आहे.

पण एवढंच असतं तर तो शंभरातला एक ठरला असता. त्याचा खरा घाव पुढे आहे. कमिटीवर मिरवणारी मंडळी ज्या वर्गातली, त्याच वर्गातली माणसं टाउन कौन्सिलमध्ये बसून गटारं आणि पाणी यांवरचा खर्च अडवतात, आणि सडक्या घरांचं भाडंही त्याच वर्गात जमा होतं. इन्फर्मरीला वर्षाला दोन गिन्या द्यायच्या आणि इन्फर्मरीत भरती होणारे रोगी ज्या बोळात तयार होतात त्या बोळाचं भाडं दर आठवड्याला गोळा करायचं. हे त्याने पुन्हा पुन्हा शेजारी शेजारी ठेवून दाखवलं.

तो बोळ म्हणजे काय हे श्रोत्यांना आकड्यांत सांगा. लिव्हरपूलमध्ये त्याला 'कोर्ट' म्हणत. न्यायालयाशी त्याचा संबंध नाही, तेवढं आधीच सांगा नाहीतर गोंधळ होतो. रस्त्यावरच्या घरांमधून एक अरुंद, बऱ्याचदा वरून बंद असलेली वाट आत जाते. आत समोरासमोर दोन रांगा, पाठीला पाठ लावून बांधलेली तीन मजली घरं, म्हणजे मागे खिडकी नाही, हवा आरपार नाही. एक नळ आणि टोकाला सामाईक संडास व राखेचा खड्डा. डॉ. डंकन यांनी १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेली मोजणी अशी: १,९८२ कोर्ट, त्यांत १०,६९२ घरं, माणसं ५५,५३४. म्हणजे एका कोर्टात सरासरी २८ माणसं आणि एक-दोन संडास. शिवाय ६,२९४ तळघरांत २०,१६८ माणसं. हेच डंकन १८४७ मध्ये शहराचे आरोग्य अधिकारी झाले, इंग्लंडातले या पदावरचे पहिले.

एक खबरदारी. मजुरांच्या आरोग्यावरच्या १८४२ च्या सरकारी चॅडविक अहवालात लिव्हरपूलचं सरासरी मृत्युवय दिलं आहे: सधन ३५, दुकानदार २२, मजूर १५. हे आकडे सभेत टाळ्या घेतात, पण 'मजूर पंधराव्या वर्षी मरत' असं कृपा करून म्हणू नका. ती सरासरी तान्ह्या मुलांच्या मृत्यूंनी खाली ओढलेली आहे, आणि ज्या वर्गात लहान मुलं जास्त त्याची सरासरी आपोआप आणखी घसरते.

---

खतावणी

वर्गणीचं यंत्र मी सांगते. ते कळलं की शिमिनचे निम्मे टोमणे उलगडतात.

आधी नाणी. १ पौंड = २० शिलिंग = २४० पेनी. गिनी = २१ शिलिंग, म्हणजे २५२ पेनी. गिनीचं नाणं व्यवहारातून केव्हाच गेलं होतं, पण डॉक्टरची फी, वकिलाची फी आणि दान गिनीतच मोजायची रीत होती. पौंड म्हणजे धंदा, गिनी म्हणजे प्रतिष्ठा. आपल्याकडे एकशे एक रुपयाचं पाकीट देतात त्याच जातीचं. एका पेनीचं 'पॉर्क्युपाइन' धरलं तर एका गिनीत २५२ अंक, जवळजवळ पाच वर्षांचे.

इस्पितळं वर्गणीवर चालत. वर्षाला ठरावीक वर्गणी भरली की तुम्हाला रोग्यांची शिफारस करायचा हक्क मिळे, आणि वर्गणी जितकी मोठी तितक्या शिफारशी जास्त. म्हणजे आजारी हमालाने आधी डॉक्टर शोधायचा नाही, वर्गणीदार शोधायचा. त्याच्या दारात उभं राहायचं, चिठ्ठी मिळवायची, मग ठरलेल्या दिवशी इस्पितळात जायचं. अपघात झाला तर चिठ्ठीशिवाय घेत. यात बिघाड कुठे होतो ते पाहा. चिठ्ठी आजाराच्या तीव्रतेवर मिळत नाही, ओळखीवर मिळते. वर्गणीदार आपल्याच नोकराचाकरांना आणि गोदामातल्या माणसांना पाठवतो, म्हणजे त्याची गिनी ही दान कमी आणि नोकरांच्या औषधपाण्याचा विमा जास्त. ज्याला वर्षभर काम नाही त्याला मालकही नाही, मग चिठ्ठी कोण देणार? त्यात साथीचे रोगी आणि बरे न होणारे रोगी नियमानेच बाहेर. त्यांची रवानगी ब्राउनलो हिलच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवणाऱ्या सरकारी आश्रयगृहात.

त्याहून चमत्कारिक म्हणजे मतदानाच्या संस्था. अनाथाश्रम, वृद्धाश्रम अशा कित्येक ठिकाणी जागा दहा आणि अर्ज साठ असले की वर्गणीदार मतं देऊन लाभार्थी निवडत. हे देशभर चाले. विधवेने आपल्या पोराच्या नावाची कार्डं छापायची, वर्गणीदारांची यादी मिळवायची, शेकडो पत्रं पाठवायची. छपाई, टपाल, दारोदार फिरणं. हरली तर तो खर्च बुडाला, पुढच्या निवडणुकीला पुन्हा पहिल्यापासून. मतांची अदलाबदल राजरोस होई: 'तुमची अनाथाश्रमाची मतं आम्हाला द्या, आमची वृद्धाश्रमाची घ्या.' ज्या मुलामागे ओळखीचं कुणी नाही ते मूल सगळ्यात गरजू आणि त्यालाच मतं सगळ्यात कमी. १८७० च्या दशकात ही पद्धत बंद करा म्हणून चळवळ उभी राहिली, पण सोडायला कोण तयार होतो? मत हाच तर वर्गणीदाराचा मोबदला.

आता फॅन्सी फेअर. मोठा हॉल, घरंदाज बायकांचे स्टॉल, भरतकाम, विणकाम, बाहुल्या, प्रवेशाला तिकीट, बँड, पहिल्या दिवशी तिकीट महाग म्हणजे आपोआप 'आपली' माणसं. हिशेबात खोड अशी: माल फुकट आलेला म्हणून जमा फुगलेली दिसते. पण हॉल सजवणं, बँड, छपाई, जाहिरात, खाणंपिणं जाऊन हाती काय उरलं हे वृत्तांतात शोधावं लागतं. दुसरी खोड जास्त वाईट. त्या वस्तू बनवून पोट भरणाऱ्या शिवणकामवाल्या बायका त्याच गावात असत. फेअरच्या आठवड्यात सगळी गिऱ्हाइकं तिथे, दुकानात कुणी फिरकत नाही. गरीब बाईची रोजी बुडवून गरीब बाईसाठी निधी. हा आक्षेप शिमिनच्या आधीपासून घेतला जात होता, त्याच्या एकट्याच्या नावावर टाकू नका.

खास लिव्हरपूलचं उदाहरण हवं असेल तर ऑक्टोबर १८६४. सेंट जॉर्जेस हॉलमध्ये मोठा बाजार भरला, कशासाठी? तर अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या कैदेत पडलेल्या दक्षिणेच्या सैनिकांसाठी. लिव्हरपूलच्या कापूसवाल्यांचा जीव दक्षिणेत अडकलेला. गोळा झाले २० हजार पौंडांच्या वर, खर्च जाता निव्वळ सुमारे १७ हजार. म्हणजे इतक्या गाजलेल्या बाजारातही ढोबळ जमा आणि निव्वळ रक्कम यांत एवढी फट. पुढची गंमत म्हणजे लॉर्ड वॉर्नक्लिफ यांनी हे पैसे कैद्यांना वाटायला माणूस पाठवू का म्हणून विचारलं आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री सुअर्ड यांनी सरळ नकार दिला. याच काळात कापूस नाही म्हणून लँकेशायरच्या गिरण्यांतले मजूर मदतीच्या रांगेत उभे होते, लिव्हरपूलहून आगगाडीने तास-दोन तासांवर.

---

कज्जेदलाल

पत्र चाललं कसं, यावर.

फौजदारी अब्रूनुकसानीत आधी सत्य हा बचावच नव्हता. १८४३ च्या लिबेल कायद्याने तो दिला, पण अर्धा. मजकूर खरा आहे हे सिद्ध करायचं आणि तो छापणं लोकहिताचं होतं हेही सिद्ध करायचं. दुसरं जमलं नाही तर पहिल्याचा उपयोग शून्य. शिक्षा एक वर्षापर्यंत, खोटं आहे हे माहीत असून छापलं तर दोन वर्षांपर्यंत. दिवाणी दाव्यात नुसतं सत्य पुरे, पण पुराव्याचा भार छापणाऱ्यावर, आणि साक्षीदार म्हणून बोळातला भाडेकरू आणायचा तर त्याला दुसऱ्या दिवशी घर सोडावं लागणार.

दानधर्मावर लिहिणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा निवाडा १८६३ चा, कॅम्पबेल विरुद्ध स्पॉटिसवुड. डॉ. कॅम्पबेल हे धर्मोपदेशक आणि एका पत्राचे संपादक. चीनमध्ये धर्मप्रसार व्हावा म्हणून त्यांनी आपल्या पत्रातून मोहीम चालवली आणि पत्राच्या प्रती विकत घेऊन वाटा असं आवाहन केलं. 'सॅटरडे रिव्ह्यू'ने लिहिलं की हे सगळं खप वाढवायचं सोंग आहे. ज्यूरी म्हणाली, लेखकाचा त्यावर प्रामाणिक विश्वास होता. तरीही ५० पौंड नुकसानभरपाई, आणि ती वरच्या न्यायाधीशांनी कायम ठेवली. तत्त्व असं: सार्वजनिक कामावर हवी तेवढी टीका करा, पण त्यामागचा हेतू नीच आहे असं म्हणाल तर त्याला आधार दाखवा. नुसता तुमचा विश्वास पुरत नाही.

दानावरच्या टीकेचं सगळं मर्म हेतूतच असतं. 'याने नावासाठी दिलं' हे वाक्य छापलं की फसलात. म्हणून त्या काळची टोचरी पत्रं वाचताना कारागिरी बघा. हेतूबद्दल अक्षर नाही. वर जेवणाचा वृत्तांत, मेनूसकट. खाली त्याच संस्थेची शिल्लक. किंवा एकीकडे देणगी, दुसरीकडे कोर्टातला नळ किती वेळ चालतो. जोडणी वाचक करतो आणि वाचकावर दावा लावता येत नाही. टोपणनाव दिलं म्हणजे सुटलो असं मात्र नाही. ओळखणाऱ्याला माणूस ओळखू आला की दावा उभा राहतो, आणि लिव्हरपूलच्या एक्स्चेंजवर, म्हणजे व्यापाऱ्यांच्या सौदेबाजारात, सगळे सगळ्यांना ओळखत.

आणखी एक खाच. पार्लमेंटमधल्या चर्चेच्या प्रामाणिक वृत्तांताला १८६८ मध्ये न्यायालयाने संरक्षण दिलं. पण स्थानिक सभांना ते नव्हतं. १८७७ चा पर्सेल विरुद्ध सोलर पाहा: मँचेस्टरच्या एका पत्राने गरिबांच्या मदतीसाठीच्या मंडळाच्या सभेचा वृत्तांत छापला, त्यात एका डॉक्टरवर झालेले आरोप आले, आणि पत्र हरलं. सभा उघड, वृत्तांत बरोबर, तरीही. म्हणजे 'सभेत असं म्हटलं गेलं' ही ढाल शिमिनच्या हयातीत कागदी होती.

---

तिरकस

वरच्या तिन्ही प्रतिसादांना +१, पण शिमिनला फुलेच करून टाकू नका. 'दानाच्या विरोधात की पद्धतीच्या' याचं उत्तर सरळ नाही.

तो दारूविरोधी होता, आणि कट्टर. गरिबीचं मोठं कारण त्याला बाटलीत दिसायचं. गुत्त्यातल्या बाईचं, शर्यतीतल्या कारकुनाचं वर्णन तो ज्या तिरस्काराने करतो त्यात मजुराच्या थकव्याला जागा नाही. गोदीत काम रोजंदारीवर. सकाळी उभं राहायचं, मुकादमाने निवडलं तर अर्ध्या दिवसाची मजुरी, नाहीतर परत. असल्या कामात बचत कर, संयम ठेव हा उपदेश अर्धवट आहे आणि शिमिन तो सर्रास करतो. मजुरी वाढवा, काम कायम करा, या दिशेला तो फारसा जात नाही.

तसं असूनही तो दान सुसूत्र करणाऱ्यांच्या पंगतीतही पूर्ण बसत नाही. लिव्हरपूलमध्ये १८६३ मध्ये जुन्या तीन संस्था एकत्र करून सेंट्रल रिलीफ सोसायटी निघाली, लंडनच्या प्रसिद्ध चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीच्या सहा वर्षं आधी. कल्पना अशी: एकाच माणसाने चार ठिकाणी हात पसरू नयेत, चौकशी झाल्याशिवाय मदत नाही, रोख नाही, शक्यतो वस्तू. ऐकायला शहाणपणाचं. प्रत्यक्षात चौकशीला वेळ लागतो आणि भूक तेवढा वेळ थांबत नाही. शिवाय कोळशाचं, पावाचं तिकीट अर्ध्या किमतीत विकता येतं, म्हणजे रोख टाळल्याचं समाधान देणाऱ्याला आणि तोटा घेणाऱ्याला.

तुलनेला विल्यम रॅथबोन घ्या, नाहीतर व्याख्यान एकसुरी होईल. तोही धनाढ्य व्यापारी घराण्यातला. बायकोच्या शेवटच्या आजारात ज्या परिचारिकेने शुश्रूषा केली तिलाच, मेरी रॉबिन्सन यांना, त्याने १८५९ मध्ये तीन महिन्यांसाठी गरीब वस्तीतल्या घरोघरी पाठवलं. प्रयोग जमला. मग अडलं कुठे? प्रशिक्षित परिचारिकाच मिळेनात. म्हणून नाइटिंगेलबाईंच्या सल्ल्याने इन्फर्मरीला जोडून प्रशिक्षणाची शाळा काढली, शहराचे १८ भाग पाडले, प्रत्येक भागाला एक परिचारिका. १८६५ मध्ये त्याच्याच पैशांतून वर्कहाउसच्या इस्पितळात अ‍ॅग्नेस जोन्स आणि त्यांच्याबरोबर १२ प्रशिक्षित परिचारिका आल्या. त्याआधी तिथे धडधाकट गरीब बायाच रोग्यांचं करत. जोन्सबाई १८६८ मध्ये टायफसने गेल्या. हे दानच, पण कामाच्या जागी पोचणारं. शिमिनची कसोटी या कामाला लावली तर काय राहतं आणि काय गळतं, हा प्रश्न श्रोत्यांना देता येईल.

आणि त्याच्या मागणीचं पुढे काय झालं? १८६४ च्या कायद्याने शहराला आरोग्याला घातक कोर्ट पाडायचा अधिकार मिळाला, मालकाला भरपाई देऊन. भरपाई कुठून, तर करदात्यांकडून. म्हणजे ज्याने वर्षानुवर्षं भाडं खाल्लं त्यालाच पाडायचे पैसे. पाडणं झालं, पण त्या मानाने बांधणं नाही. उठवलेली माणसं शेजारच्या कोर्टात घुसली आणि तिथली दाटी वाढली. १८६९ मध्ये कॉर्पोरेशनने सेंट मार्टिन्स कॉटेजेस बांधली, लंडनबाहेर इंग्लंडमधली पहिली नगरपालिकेची घरं. गरजेच्या मानाने चिमूटभर.

---

मोडी वाचक

आपल्याकडची तुलना: लोकहितवादी. गोपाळ हरी देशमुखांची शतपत्रं मुंबईच्या भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये १८४८ ते १८५० या काळात आली, म्हणजे शिमिनच्या थोडी आधीच. पत्रं एकूण १०८. दक्षिणा, ब्राह्मणभोजनं, आळशाला पोसणारं दान, यांवर तिथे कोरडे आहेत. पुण्यातल्या दक्षिणेच्या रकमेतला भाग मराठी ग्रंथांसाठी वळवा म्हणून १८४९ मध्ये सुधारकांनी अर्ज केला, तो याच वातावरणातला.

साम्य दाखवाच, पण फरकही. आपल्याकडे देणाऱ्याला हवं होतं पुण्य, म्हणून टीका शास्त्रावर आणि पात्र-अपात्र विचारावर येते. लिव्हरपूलच्या शेठजीला हवा होता मान, म्हणून टीका वर्गणीच्या यादीवर येते. लोकहितवादी सरकारी नोकरीत होते आणि टोपणनावाने लिहीत. शिमिनचं पोट त्याच पत्रावर. दोघांना एकमेकांचा पत्ता होता असं सुचवू नका.

अवांतर, पण मुंबईचा धागा खरा आहे. अमेरिकेचा कापूस बंद झाला आणि लिव्हरपूलच्या बाजारात सुरतेचा कापूस, म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून जाणारा सगळा आखूड धाग्याचा माल, सोन्याच्या भावाने गेला. त्या पैशावर मुंबईत १८६४ मध्ये प्रेमचंद रायचंदांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला २ लाख आणि मनोऱ्याला २ लाख दिले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअरबाजार झोपला. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. लिव्हरपूलमध्येही १८६६-६७ मध्ये बार्नेड्स बँक आणि रॉयल बँक ऑफ लिव्हरपूल बुडाल्या. दोन्ही बंदरांतली दानशूरता एकाच तारेवर वरखाली होत होती.

---

बखरीतला

सगळ्यांचे आभार. खतावणीताई, एक शंका. वर्गणीची यादी आणि कोर्टाची मालकी शेजारी ठेवायची असं जुनी शाई म्हणतात. आज कुणाला ते एखाद्या नावापुरतं पडताळायचं असेल तर कसं करतात?

---

खतावणी

संस्थेचा वार्षिक अहवाल घ्या, शेवटी यादी असते. त्यात वार्षिक वर्गणी, एकरकमी देणगी आणि मृत्युपत्राने आलेली रक्कम हे वेगळे रकाने असतात. पहिली चूक इथेच होते: एकरकमी १० गिन्या देऊन आजीव सभासद झालेला आणि दर वर्षी २ गिन्या देणारा यांत पहिला मोठा दिसतो, सहाव्या वर्षी दुसरा पुढे गेलेला असतो. फर्मच्या नावाने एक आणि स्वतःच्या नावाने एक अशा दोन नोंदी असतील तर त्या एकाच खिशातल्या का ते पाहा. 'एक मित्र' या नोंदीचा पाठलाग करू नका.

मग गोअरची डिरेक्टरी. त्यात नाव, धंदा, राहता पत्ता. त्यावरून माणूस पक्का करा, कारण लिव्हरपूलमध्ये वेल्श लोक फार आणि घरं बांधणारे बरेच तेच. नुसत्या 'जॉन जोन्स'वर काही उभारलंत तर कोसळलंच समजा. धंदा आणि पत्ता दोन्ही जुळले तरच पुढे जा.

शेवटी कराच्या वह्या. त्यांत राहणारा, मालक आणि करयोग्य भाडं असे रकाने असतात. सगळ्यात मोठा खड्डा हा की मालकाच्या रकान्यात पुष्कळदा भाडं गोळा करणाऱ्या दलालाचं नाव असतं. लहान घरांचा कर भाडेकरूऐवजी मालकाकडून घ्यायची सोय होती, आणि तो भरायला दलालच जायचा. एकच नाव पंधरावीस कोर्टांसमोर दिसलं की तो बहुधा दलाल. खरा मालक गहाणखतात किंवा मृत्युपत्रात सापडतो.

पेपरांच्या डिजिटल फायलींत शोधताना पूर्ण नाव टाकू नका. बारीक खिळे, अरुंद रकाने, स्कॅन वाचणारं यंत्र अक्षरं गाळतं. आडनाव आणि रस्त्याचं नाव असं जोडून शोधा, सालाची मर्यादा दोन वर्षांहून मोठी ठेवू नका. 'पॉर्क्युपाइन'मधला बराच मजकूर बिननावी आहे, म्हणून 'शिमिन म्हणतो' ऐवजी 'पॉर्क्युपाइन म्हणतं' असं लिहिणं सुरक्षित.

---

जुनी शाई

खतावणी यांच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा, आणि माझ्या प्रतिसादात दुरुस्ती. 'दोन गिन्या द्यायच्या आणि बोळाचं भाडं गोळा करायचं' हे मी टीकेचा साचा म्हणून लिहिलं आहे, कुणा एका नावाजलेल्या माणसाबद्दल नाही. व्याख्यानात तसं नाव जोडायचं असेल तर आधी वहीतला मालक दलाल नाही ना ते बघा.

वॉकर आर्ट गॅलरीचा फोटो स्लाइडवर घेता येईल. अँड्र्यू बार्कले वॉकर हे बिअर बनवणारे कारखानदार, गावात त्यांच्या नावाचे गुत्ते भरपूर. १८७३ मध्ये त्यांनी देणगी जाहीर केली, १८७७ मध्ये गॅलरी उघडली. शिमिन तेव्हा हयात होता. फोटोखाली फक्त ही सालं आणि धंदा लिहा.

---

कज्जेदलाल

बरोबर. हेतूबद्दल अक्षर नको.